बाशिंगाचं मोल

पुष्कळ वर्षं झाली, इतकी की कुणाच्या आजोबांच्या आजोबांनाही ती नीट आठवू नयेत, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात नदीकाठी एक बाजाराचं गाव होतं. त्या गावात बाशिंगं करणारे एक कारागीर राहत. त्यांचं खरं नाव काय होतं कोण जाणे. लहानथोर सगळे त्यांना बाशिंगकाका म्हणत. आपणही तेच म्हणू.

ज्यांनी बाशिंग पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लग्नात नवरानवरीच्या कपाळावर बांधतात तो हा मुकुट. सोन्याचा नाही हं. तळ्यात उगवणाऱ्या भेंडाचा गाभा काढायचा, तो पांढराशुभ्र आणि इतका हलका की हातात आहे की नाही ते कळू नये. सुरीने त्याचे पापुद्रे काढायचे. त्या पापुद्र्यांच्या कळ्या करायच्या, पोपट करायचे, मोर करायचे. वर रंगीत बेगड लावायची आणि सगळं चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचं. असं बाशिंग कपाळावर चढलं की काल अंगणात शेण कालवणारी पोरगीसुद्धा राणी दिसते.

बाशिंगकाकांचा हात तर काय वर्णावा! त्यांचा मोर बारीक तारेवर असा बसवलेला असे, की नवरीने लाजून मान खाली घातली की मोरही मान खाली घाली. आलेले पाहुणे अक्षता टाकायच्या विसरत आणि मोराकडेच बघत राहत.

काकांच्या घराण्यात दोन नियम होते. पहिला असा, की मुहूर्ताआधी बाशिंगावर घराबाहेरच्या कुणाची नजर पडू द्यायची नाही. म्हणून काका माजघराचं दार लावून आत काम करत. दुसरा असा, की बाशिंगाचं मोल कारागिराने आपल्या तोंडाने सांगायचं नाही. शुभकार्याच्या वस्तूचा कुठे भाव करतात का? लग्न पार पडलं की त्या घरून एक सूप यायचं, वर फडकं झाकलेलं. काकांनी ते दोन्ही हातांनी घ्यायचं, कपाळाला लावायचं आणि देणारा गेल्यावर मगच उघडायचं. कुणी आधीच विचारलं, "काका, काय द्यावं?" तर हसून एवढंच म्हणायचं, "द्याल ते गोड."

आता यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही. काकांच्या वडिलांच्या काळी सुगी झाली की ते गाडी घेऊन खळ्याखळ्यावर जात आणि प्रत्येक शेतकरी वर्षाचं धान्य त्यांच्या गाडीत घाली. सूप ही नुसती वरची माया होती, खरं पोट खळ्यावर भरायचं. पुढे गावात बाजार वाढला. धान्य खळ्यावरून थेट बाजारात जाऊ लागलं. आधी काकांचा वाटा कमी झाला, मग एका वर्षी द्यायचा राहून गेला, मग कायमचाच राहून गेला. कुणी ठरवून बंद केला नाही. देण्याची रीत गेली, न मागण्याची तेवढी उरली.

सुपात काय यायचं? शेरभर तांदूळ, एक नारळ आणि चोळीचा खण. श्रीमंताघरूनही तेच आणि मध्यम घरूनही तेच. आणि कौतुक मात्र गाडीभर. "काका, तुमच्या हातात देव आहे हो!" असं म्हणून लोक निघून जात. देव हातात असेलही. डब्यात मात्र पीठ नसायचं.

काकू, म्हणजे काकांची बायको, एक दिवस रिकाम्या डब्यावर हात ठेवून म्हणाली, "अहो, त्या वांगी विकणारीला बघा. 'घ्या हो वांगी' म्हणून भाव ओरडते. तिची वांगी कुणी ओवाळून टाकलीत का?"

"वांगं ते वांगं आणि बाशिंग ते बाशिंग," काका म्हणाले. "अगं, जाणत्याला सांगावं लागत नाही. एखादा जाणता भेटला की सगळं भरून निघेल."

भोळा माणूस! आणि बघा, जाणता भेटलाही.

त्या वर्षी राजाने आपल्या एकुलत्या एका मुलीचं लग्न काढलं. राजवाड्याचे कारभारी स्वतः काकांच्या दारात आले. कारभारी सरळ मनाचे गृहस्थ होते. बाशिंगाची जोडी करायला सांगून ते जाता जाता थांबले आणि म्हणाले, "काका, याचं काय द्यावं लागेल?"

काकू दाराआडून डोळ्यांनी खुणावत होती. सांगा, सांगा म्हणत होती. काकांना ते दिसलंही. पण ते हात जोडून हसले आणि म्हणाले, "द्याल ते गोड."

कारभारी गेल्यावर काकू म्हणाली, "का नाही बोललात?"

"राजा जाणता आहे."

"असेल जाणता. चिंचोके किती वेळ भिजवायचे न् किती वेळ वाटायचे, ते त्याला ठाऊक आहे का?"

काकांनी माजघराचं दार लावून घेतलं आणि कामाला बसले. एकवीस दिवस ते बसले. पाठ धरली, डोळे चुरचुरले. काकूने शेजारून उसनं पीठ आणून भाकऱ्या केल्या. बेगड आणि मोती आणायला तिने आपलं तांब्याचं घंगाळ मोडीत दिलं. ती कुरकुरली नाही, कारण एकविसाव्या दिवशी काकांनी तिला ती जोडी दाखवली तेव्हा तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. एकेका बाशिंगावर अकरा मोर होते आणि प्रत्येकाची मान वेगळी होती.

लग्न थाटात झालं. मोरांची कीर्ती चार गावांत गेली. राणीने कारभाऱ्यांना विचारलं, "त्या कारागिराला काय द्यायचं?"

कारभाऱ्यांनी नीट चौकशी केली. गावातल्या पाच प्रतिष्ठित घरांत जाऊन त्यांनी विचारलं, "बाशिंगकाकांना आपण काय देता?" पाचही घरांनी एकच उत्तर दिलं. कारभाऱ्यांनी ते राजाच्या कानावर घातलं आणि राजा विचारात पडला. राजा प्रजेची काळजी करणारा होता, हे विसरू नका. तो म्हणाला, "राजवाड्यातून जास्त गेलं तर उद्या गोरगरिबांनाही तेवढंच द्यावं लागेल. आपल्यापायी कुणावर ओझं नको. रीत आहे तेच द्या. मान मात्र भरपूर करा."

आणि मान झाला! सनई वाजत होती, पुढे दोन भालदार, मागे पालखी आणि पालखीत सूप. सुपावर जरीचं फडकं. सारा गाव काकांच्या दारात जमला. काकांनी दोन्ही हातांनी सूप घेतलं, कपाळाला लावलं. सनई दूर गेली, माणसं पांगली, तेव्हा नवराबायकोने दार लावून फडकं उचललं.

शेरभर तांदूळ, एक नारळ आणि खण. खण रेशमी होता, तेवढं खरं.

काकूने ते तांदूळ निवडले, धुतले आणि चुलीवर ठेवले. ती भांडली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी सुरी आणि साचे एका गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकले. "या जगात कुणाला कदर नाही," असं म्हणून ते गावाबाहेर चुन्याच्या भट्टीवर कामाला गेले. तिथे दिवसभर चुनखडीचे दगड फोडायचे, भाजलेला चुना टोपल्यांत भरायचा. संध्याकाळी पदरात पायलीचा आठवा भाग धान्य पडायचं. पोट भरू लागलं. काका मनात म्हणायचे, कौतुकापेक्षा हे बरं.

पण चुना माणसाच्या हाताला सोडत नाही. आठ दिवसांत काकांच्या बोटांची कातडी सोलली. पंधरा दिवसांत भेगा पडल्या. काकू रोज तेल लावी आणि तोंड फिरवून डोळे पुशी. महिन्याने एकदा सुट्टीच्या दिवशी काकांना राहवलं नाही. त्यांनी माळ्यावरून गाठोडं काढलं, भेंडाचा एक तुकडा घेतला आणि मोराची मान कोरायला लागले. सुरीचं पातं बोटाला कळेना. मान मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. तिसऱ्या वेळी बोटातून रक्त आलं तेव्हा कुठे त्यांना समजलं की पातं लागलं आहे. काका तिथेच बसून लहान मुलासारखे रडले. अजून दोन महिने भट्टीवर काढले, तर हे हात पुन्हा कधीच मोर करणार नव्हते. आणि भट्टी सोडली, तर खायचं काय?

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या तटासाठी चुना घ्यायला कारभारी भट्टीवर आले. चुना भरणाऱ्या माणसाकडे त्यांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

"बाशिंगकाका? तुम्ही, आणि इथे?"

"पोट आहे, कारभारी," काका टोपली भरायचं न थांबवता म्हणाले.

"पण बाशिंगं?"

इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं काकांच्या तोंडून बाहेर पडलं. "एकवीस दिवस बसलो मी! माझ्या बायकोने घंगाळ मोडलं! आणि राजाने काय दिलं? शेरभर तांदूळ! राजाने!"

कारभाऱ्यांचा चेहरा उतरला. "एकवीस दिवस? काका, मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम असेल. तुमचं दार तर नेहमी लावलेलं असतं. आत काय चालतं, आम्हाला कसं कळावं?"

"तुम्ही विचारायचं होतं."

"मी विचारलं होतं," कारभारी हळूच म्हणाले. "तुमच्या दारात उभं राहून विचारलं होतं, काय द्यावं लागेल म्हणून."

काकांच्या हातातली टोपली खाली आली. विचारलं होतं, हे खरं होतं. दाराआडून काकू खुणावत होती, हेही खरं होतं. इतके दिवस ते राजाला शिव्या देत होते, गावाला शिव्या देत होते. शिवी ज्याला द्यायची तो तर इथेच चुना भरत होता.

"हा भट्टीवाला बघा," कारभारी म्हणाले. "मी विचारायच्या आत भाव सांगून मोकळा झाला. त्याच्याकडून मी देवळाला चुना नेतो. भाव सांगितला म्हणून देवाने कधी तो चुना नाकारला नाही. आता तरी सांगा काका. काय द्यायला हवं होतं?"

काकांनी टोपलीची कडा धरली, सोडली, पुन्हा धरली. शेवटी जमिनीकडे बघत ते पुटपुटले, "बारा पायल्या."

"ज्वारी चालेल की तांदूळ?"

काकांनी मान वर केली. "ज्वारी."

"संध्याकाळपर्यंत पोचेल," कारभारी म्हणाले आणि चुन्याच्या गाडीकडे वळले.

बस! एवढंच! आभाळ कोसळलं नाही, वडील स्वर्गातून ओरडले नाहीत. इतक्या वर्षांचं अवघड काम दोन शब्दांत झालं होतं.

काकांनी भट्टी सोडली. काकूने तेलहळद लावून हात बरे केले. त्यांनी घराण्याचे दोन्ही नियम मोडले. माजघरातून उठून ओटीवर येऊन बसले, सगळ्यांच्या देखत काम करू लागले. आणि जो विचारील त्याला सांगू लागले, "साध्या जोडीला सहा दिवस लागतात. चार पायल्या ज्वारी पडेल."

गावात खळबळ उडाली. "काका बदलले हो," लोक म्हणाले. "पूर्वी किती गोड बोलायचे!" पेठेतल्या एका व्यापाऱ्याने रागाने आपल्या मुलाच्या लग्नासाठी परगावाहून कागदी बाशिंगं आणवली. त्या मुलाचं लग्न लागलं, संसारही चांगला झाला. उगाच काही वाईट घडलं असं मी सांगणार नाही. पण त्याचं पाहून काकांच्या ओटीवर कुणी फिरकेना. लग्नाची एक तिथी गेली, दुसरी गेली, तीन महिने सरले. काळवंडलेल्या चेहऱ्याने काका काकूला म्हणाले, "चुकलं का गं माझं? एक पायली कमी सांगू का?"

"सहा दिवसांचे पाच होणार आहेत का?" काकूने विचारलं.

"नाही."

"मग बसा गप."

तिसऱ्या तिथीच्या आधी, भर दुपारी, डोक्यावर गोणपाटाचं बोचकं घेतलेली एक बाई ओटीपाशी येऊन उभी राहिली. रानातून मोळ्या आणून विकणारी होती ती. पाय धुळीने भरलेले, लुगड्याला तीन ठिगळं. तिने बोचकं खाली ठेवलं.

"काका, चार पायल्या हाईत. मोजून घ्या. लेकीचं लगीन काढलंय."

काकांनी तिच्या पायांकडे पाहिलं, ठिगळांकडे पाहिलं. "अगं बये," ते म्हणाले, "तू कशाला एवढं आणलंस? तुझ्याकडून घेईन का मी? तुझ्या लेकीला तशीच देईन की जोडी."

बाईने मान हलवली. "न्हाई काका. ऐका माझं. पंचवीस वर्सं झाली माझ्या लग्नाला. तवा माझा बा या गल्लीत तीनदा आला होता. तुमचं दार लावल्यालं. सुपात काय घालावं, ते कुणी सांगंना. ज्याला इचारावं तो म्हणायचा, द्याल ते. आमच्यापाशी दोन मुठी धान्य. दोन मुठी घातल्या अन् काका हसले तर? लोक हसले तर? तिन्ही टायमाला माझा बा गल्लीच्या तोंडावरनं माघारी फिरला. मी बाशिंगाच्या जागी रुईची पानं बांधून बोहल्यावर उभी राहिले."

द्याल ते गोड, असं म्हणताना काकांना वाटायचं, आपण केवढे उदार! श्रीमंत ते ऐकून निर्धास्त होत आणि शेरभर तांदळात सुटत. ज्याच्याकडे थोडंच होतं, तो मात्र त्या गोड बोलण्याला भिऊन परत जात होता. किती जण असे गल्लीच्या तोंडावरून वळले असतील?

"मला काय ठाऊक, बाई," ते कसेबसे म्हणाले. "मला कळलंच नाही."

"आमाला तरी कुठं ठावं होतं, तुमच्या घरात चूल पेटत न्हाई म्हणून," ती म्हणाली. "औंदा बाजारात ऐकलं, चार पायल्या. आकडा कळला, मंग साठवता आलं. तीन महिने रोज एक मोळी जास्तीची आणली. तुम्ही फुकट द्याल ओ, पर मग ते तुमचंच ऱ्हाईल. मोल दिलं की माझ्या लेकीचं हुईल."

काकांनी आतून पायली आणली. बाईच्या देखत, काकूच्या देखत, त्यांनी ज्वारी नीट मोजून घेतली. एक, दोन, तीन, चार. मग दाणा न् दाणा वेचून बोचकं झाडून तिच्या हातात परत दिलं. "पुरे भरलं," ते म्हणाले. बाईची मान ताठ झाली. काकांनी तिला ओटीवर पाट टाकून दिला आणि म्हणाले, "बस. मोराची मान कशी हवी, ते तूच सांग."

त्या मुलीच्या लग्नात मोर डोलले, आणि मोळीवालीने ज्याला त्याला सांगितलं, "मोल देऊन आणलंय, चार पायल्या." पुढच्या तिथीला टोपल्या विणणाऱ्यांच्या आळीतून दोन घरं आली. त्याच्या पुढच्या तिथीला नावाड्यांची पाच घरं आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कपाळांवर रुईची पानं चढत होती, त्यांच्यावर काकांचे मोर चढू लागले. त्यांचं पाहून पेठेतले लोकही कुरकुरत परत आले आणि चार पायल्या मोजू लागले. काका पुन्हा कधी भट्टीवर गेले नाहीत. त्यांच्या बोटांत शेवटपर्यंत मोर राहिले आणि त्यांच्या डब्यात शेवटपर्यंत पीठ राहिलं.

बोध: आपल्या कष्टाचं मोल जो आपल्या तोंडाने सांगत नाही, तो स्वतः उपाशी राहतो आणि प्रामाणिक गरिबालाही दारावरून माघारी पाठवतो.